निळी रेषा, डीपी रोड आणि आमचा गट: हरकतीचा माझा अनुभव

नाशिकच्या पूर्वेला, नांदूर-मानूरच्या शिवारात आमचा साडेतीन एकरांचा गट आहे. वरची बाजू शिवरस्त्याला लागते, खालची गोदावरीला. 2015 साली शहर विकास आराखड्याचा नवा प्रारूप प्रसिद्ध झाला आणि या एकाच गटावर तीन गोष्टी येऊन बसल्या. मधोमध अठरा मीटरचा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यात आखलेला रस्ता, वरच्या अंगाला खेळाच्या मैदानाचं आरक्षण आणि खालून पुराची निळी रेषा. आबांनी नकाशा जवळ ओढून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "सातबाऱ्यावर नाव तेवढं आपलं ठेवलंय. उपकार झाले."

नाशिकमध्ये त्या काळात आराखडा हा विषय चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत होता. आधीचा आराखडा 1993 चा. त्यानंतर 2013 मध्ये आलेला प्रारूप एवढा गाजला की तो मागेच पडला, आणि शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून पुन्हा नव्याने आखणी झाली. त्यामुळे 2015 चा नकाशा लागला तेव्हा लोकांना दोन्ही वाटत होतं: हाही रद्द होईल, आणि हाच कायम होईल. या दोन्हींच्या मधल्या जागेत एजंटांचा धंदा जोरात चालला. "तुमचं आरक्षण उठवून देतो" म्हणणारे दोघे आमच्या ओट्यावरही बसून गेले. आबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आमच्या कामी आले ते नगररचनेतून निवृत्त झालेले एक आरेखक. गावातल्याच एकांचे मेहुणे. त्यांनी नकाशावर बोट ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, "यातली पैसे देणारी रेघ कुठली आणि फुकट बसणारी कुठली, हे बघितलं का?"

हा प्रश्न कुठल्याही जमीनमालकाने प्रारूपावर हरकत लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारावा असं मला आजही वाटतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966, म्हणजे ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्यात रस्ता आणि आरक्षण या संपादनाच्या गोष्टी आहेत. सार्वजनिक कामाला जमीन हवी तर कलम 126 प्रमाणे ती घ्यावी लागते: वाटाघाटीने पैसे देऊन, टीडीआर (दुसऱ्या जागेवर वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (उरलेल्या जागेवर जादा बांधकाम) देऊन, नाहीतर भूसंपादन करून. दहा वर्षांत घेतली नाही तर कलम 127 ची नोटीस देऊन आरक्षण उठवायचा मार्ग मालकाला मोकळा होतो. पूररेषेचं तसं नाही. तिथे तुमची जमीन कोणी घेतच नाही. ती तुमचीच राहते, कर तुम्हीच भरायचा, फक्त बांधायचं नाही. संपादनच नाही म्हटल्यावर मोबदला नाही आणि 127 पण नाही. आम्ही घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा करत होतो तो मैदानाच्या आरक्षणावरून, कारण नकाशावर ते भडक रंगात दिसत होतं. खरा फटका होता तो त्या बारीक निळ्या रेघेचा.

आरेखकांनी सांगितलं, तिन्ही गोष्टींची एकच लांबलचक हरकत लिहू नका, तीन वेगळे अर्ज करा. एका अर्जात तीन मागण्या असल्या की एकीवर "अमान्य" पडलं की बाकीच्याही तिच्याबरोबर वाहून जातात. अर्जाची भाषाही त्यांनी बदलायला लावली. मी लिहिलं होतं, "आमच्यावर घोर अन्याय झाला असून आम्ही भूमिहीन होणार आहोत." ते म्हणाले, "असे ढीगभर येतात. तुमचा रस्ता नको असेल तर कुठून जाऊ दे ते लिहा."

मग कागद गोळा करणं सुरू झालं. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा, झोन दाखला, भाग नकाशा. सातबाऱ्यावर आबा, दोन काका आणि निफाडची आत्या अशी चार नावं. आत्याची सही आणायला गेलो तर तिने आधी जेवायला वाढलं, मग अर्ज दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "यात हक्कसोड तर नाही ना रे?" मी नाही म्हटलं. "मग दे," म्हणाली आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. तिचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. आपल्याकडे बहिणीच्या सह्या बहुतेक वेळा त्याच कामाला लागतात.

सगळ्यात उपयोगी कागद ठरला तो मोजणीचा. भूमी अभिलेखकडे तातडीची फी भरून मोजणी मागवली आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घेतली. त्यात विहीर, राहतं घर, पाइपलाइन, बांध, सगळं मापासकट होतं. आराखड्याचा नकाशा शहराएवढा असतो. 1:10000 च्या प्रमाणावर पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. आखणाऱ्याला ती रेघ इकडे-तिकडे वाटतही नाही. आपल्या बाजूने तेवढ्यात विहीर जाते. आरेखकांनी आमची 'क' प्रत भाग नकाशाच्या प्रमाणावर आणून ट्रेसिंग पेपरवर उतरवून दिली. तो कागद नकाशावर ठेवला की डीपी रोड थेट विहिरीच्या काठावरून आणि घराच्या पडवीतून जाताना दिसायचा. बाजूलाच, लाल पेन्सिलीने, आमचा पर्याय: तोच रस्ता शिवरस्त्यावरून न्यावा. शिवरस्ता गावनकाशावर पहिल्यापासून आहे, बैलगाड्या त्यावरूनच जायच्या. तो रुंद केला तर नवी जमीन कमी लागते, आणि जी लागते ती दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी.

अर्ज दिले, आवक क्रमांकाचे शिक्के घेतले. पोच नसलेला अर्ज आणि न दिलेला अर्ज यांत सरकारदरबारी फरक नाही.

सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात अर्धं नाशिक होतं. म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी, विहितगाव, सगळीकडची माणसं, बगलेत प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत सातबारे. आत टेबलावर नकाशा पसरलेला, कडांना पेपरवेट. आमच्या आधीचे एक आजोबा हात जोडून बोलायला लागले ते आजोबांच्या आजोबांपासून. साहेबांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "बाबा, गट नंबर कोणता?" तोवर त्यांची वेळ संपत आली होती. मला फार वाईट वाटलं, पण समोर बसलेल्यांनाही दिवसभर तसे शेकडो ऐकायचे होते.

आमची पाळी आली. मी ट्रेसिंग नकाशावर ठेवला, कोपरे जुळवले आणि गप्प बसलो. साहेब वाकले. विहिरीवर बोट ठेवून म्हणाले, "ही विहीर जुनी आहे?" मी 'क' प्रत पुढे केली. "रस्ता नको म्हणता, मग मागच्या लोकांनी कुठून जायचं?" याच प्रश्नाची तयारी होती. लाल रेघ दाखवली. त्यांनी शेजारच्या माणसाला शिवरस्त्याची गावनकाशावरची रुंदी बघायला सांगितली, काहीतरी टिपून घेतलं. झालं.

मैदानाच्या अर्जात मी जरा डोकं चालवलं होतं. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे, पण उद्यान, मैदान, पार्किंग, भाजीबाजार असे उघडे वापर चालतात. मग मैदान वरच्या चांगल्या जमिनीवर कशाला? ते खाली नदीकडे सरकवा, पोरं तिथेही खेळतील. समितीतल्या एकांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि हसले. "म्हणजे पुराची जमीन आम्हाला विकता होय!" सगळे हसले. मीही हसलो, कारण डाव नेमका तोच होता. तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. गंगापूर रोडला नदीकाठी लग्नाची लॉन्स चालतात, मग मैदान का चालू नये? आणि फुकट बसणाऱ्या रेघेचा थोडा भार सगळ्या शहराने उचलावा असं एखाद्या मालकाने म्हटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

पूररेषेच्या अर्जावर उत्तर लगेच मिळालं. रेषा जलसंपदा विभागाने ठरवलेली आहे, आराखड्यात ती फक्त उतरवली जाते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 2008 च्या पुरानंतर नाशिकमध्ये या रेषांचा विषय ऐरणीवर आला. आमचं म्हणणं होतं की आमच्या काठाला उंच बांध आहे, पाणी तिथे अडतं. आबा मात्र घरी आल्यावर हळूच म्हणाले, "एकोणसत्तरला चिंचेपाशी पाणी होतं." चिंच बांधाच्या बरीच आत आहे. हे त्यांनी सुनावणीत सांगितलं नाही याबद्दल मी कोणाचे आभार मानायचे ते कळत नाही.

सुनावणी आणि अंतिम मंजुरी यांच्या मधल्या काळात नदीने स्वतःच साक्ष दिली. 2 ऑगस्ट 2016. गंगापूर धरणाचं पाणी सुटलं, रामकुंडावर दुतोंड्या मारुती पाण्यात, सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी. नाशिककर पूर मारुतीवरून मोजतात. आम्ही चिंचेवरून मोजला. पाणी बांध ओलांडून आत आलं, कोथिंबिरीचं अख्खं वावर गाळाखाली गेलं, आणि दुसऱ्या दिवशी चिखलाची कड जिथे सुकली होती ती निळ्या रेषेपासून फार लांब नव्हती. त्यानंतर घरात त्या अर्जाचा विषय कोणी काढला नाही. रेषा खरी आहे. माझी तक्रार रेषेबद्दल उरलीच नाही. जी आहे ती एवढीच की शहराला पुराची जागा मोकळी हवी असेल तर ती मोकळी ठेवणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडायला हवं.

जानेवारी 2017 मध्ये आराखड्याला मंजुरी आली. तुमच्या हरकतीचं काय झालं हे कोणी घरी येऊन सांगत नाही, नव्या नकाशावर आपला गट आपणच शोधायचा. रस्ता शिवरस्त्यावर गेला होता. मैदान जागच्या जागी. निळी रेषाही.

रस्ता सरकला याचा आनंद साधारण आठवडाभर टिकला. शिवरस्त्याच्या पलीकडची जमीन बापूंची, आबांचे चुलतभाऊ. पहिल्या नकाशात त्यांच्या वावराला धक्काही नव्हता. आता त्यांची कडेची पट्टी गेली. "तुमची विहीर वाचली, आमचा गोठा गेला," असं ते भर बाजारात म्हणाले. मी त्यांना सांगायला गेलो की अर्जाच्या वेळीच तुमच्याकडे आलो होतो, तुम्ही म्हणालात आराखडा रद्द होणार आहे. ते खरं होतं, पण ऐकायला बापू तयार नव्हते. पोळ्याला आमचे बैल अजून त्यांच्या दारावरून जातात, बोलणं मात्र बेताचंच.

आमच्या बाजूची रस्त्याची पट्टी आम्ही टीडीआरवर दिली. दाट वस्तीबाहेर दिलेल्या जागेच्या दुप्पट टीडीआर मिळतो, हे ऐकून काकांनी मनातल्या मनात फ्लॅटही घेतला. पण तो जिथे वापरायचा तिथल्या आणि आपल्या जागेच्या रेडी रेकनर दराचं, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराचं, प्रमाण लावावं लागतं. आपल्या बाजूचा दर कमी आणि वापरायची जागा कॉलेज रोडसारखी महागडी असली की दुपटीचं पाणी होतं. शिवाय प्रमाणपत्र हातात पडण्याआधी जमीन बोजामुक्त हवी. आमच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा जुना बोजा होता, कर्ज फिटलेलं पण नोंद तशीच. ती कमी करायला लागलेला वेळ मूळ हरकतीपेक्षा जास्त होता.

2020 च्या डिसेंबरात राज्यासाठी एकत्रित नियमावली, यूडीसीपीआर, लागू झाली. तिच्याप्रमाणे निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या जागेत बांधता येतं, फक्त जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीच्या वर किमान 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट हवी. आमच्या गटाचा मधला पट्टा त्यात बसतो. धाकट्या भावाने तिथे घर काढायचं ठरवलंय, खाली नुसतं पार्किंग.

आता उरलंय मैदान. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षं 2027 मध्ये पूर्ण होतील. इथे मंजुरीच्या बातमीची तारीख धरायची नसते, अंमलाची तारीख धरायची. त्यानंतर कलम 127 ची नोटीस देता येते, आणि नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्यासाठी पाऊल उचललं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. पाऊल म्हणजे नुसता कार्यालयीन पत्रव्यवहार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात म्हटलेलं आहे. नोटिशीसोबत मालकीचे कागद निर्दोष हवेत, नाहीतर तिथेच घोडं अडतं.

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या दोन्ही मुलींची नावं वारस म्हणून सातबाऱ्यावर चढायची आहेत. वकील म्हणाले, तो फेरफार मंजूर होईपर्यंत नोटिशीचा मसुदा नुसता तयार ठेवा. तलाठ्याकडे अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. थोरलीने सही करण्याआधी विचारलंच, "यात हक्कसोड नाही ना, दादा?"