आमची वाटचाल : बिननावाचे फॉर्म

२००९ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एका सेकंडहँड लेथवर, म्हणजे धातूचे भाग कातायच्या मशीनवर, आम्ही सुरुवात केली. मी, एक ऑपरेटर आणि एक हेल्पर. तेव्हा कुणाचं मत विचारायला कागद लागत नव्हता. चहाच्या वेळी ज्या शिव्या कानावर यायच्या, त्यातून सगळं कळायचं. आज कॉम्प्युटरवर चालणारी सहा मशीन, म्हणजे चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी, आणि २४ माणसं आहेत. मधली कर्जं, लॉकडाऊन, थकलेली बिलं यांची रडगाणी सगळ्यांचीच सारखी, ती सोडून देतो.

२०१६ मध्ये एका ग्राहकाच्या ऑडिटच्या यादीत ‘कर्मचारी समाधान सर्वेक्षण’ आलं. नेटवरून नमुना उतरवला. एक ते पाच गुण, नाव लिहायचं नाही. पण वर विभाग, वय, नोकरीची वर्षं हे रकाने तसेच राहिले. तेव्हा आम्ही १४ जण आणि ग्राइंडिंगला पन्नाशीचा एकच माणूस! शिवाय रोज लॉगशीट बघून सगळ्यांची अक्षरं मला पाठ. मोठ्या कंपन्या पाच-दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा काढत नाहीत, तो याचसाठी. आमची तर अख्खी कंपनीच एका गटाएवढी.

१३ फॉर्मवर सगळीकडे पाच. एकावर मात्र लिहिलेलं, ‘दुपारनंतर संडासात पाणी नसतं.’ सकाळच्या मीटिंगमध्ये मी हसत म्हणालो, “काहींना पाण्याचा फारच त्रास आहे म्हणे,” आणि नजर नेमकी त्याच्यावर गेली. टाकी मोठी बसवली, पण पुढच्या वर्षी त्यानेही सगळीकडे पाच दिले. ऑडिटर खूश.

मग गूगल फॉर्म केला. मशीन लावून देणारा सेटर म्हणाला, “शेठ, वर माझाच ईमेल दिसतोय की!” ईमेल गोळा करायचा पर्याय बंद आहे, हे मी त्याला उघडून दाखवलं. तो “बरं बरं” म्हणाला. सेटिंगही माझ्या हातात आणि पगारही माझ्याच हातात, मग तो दुसरं काय म्हणणार?

उपाय मुलीने सांगितला. ती स्टॅटिस्टिक्स शिकते. स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचं हे सोपं रूप. प्रश्न एकच : ‘नापास जॉब (बनवलेला भाग) पास दाखवायला कधी वरून सांगितलं गेलं का?’ टूलरूममध्ये एकट्याने जायचं, नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे झाकून ‘हो’वर टिक करायची, काटा पडला तर खरं उत्तर. चिठ्ठी डब्यात. ‘हो’ माणसाचं की नाण्याचं, हे कुणालाच कळत नाही. सुरुवातीला पोरं हसली, जुगार म्हणाली, पण गेली सगळी.

२४ पैकी १७ ‘हो’ निघाले. नाण्याचे साधारण १२ धरले, तर उरलेल्या १२ जणांत पाच ‘हो’. इतक्या कमी माणसांत नाणं दोन-चारने इकडेतिकडे होणारच, हे मान्य. तरी शून्य असण्याची शक्यता फारच कमी.

ते पाच जण कोण, हे शोधायची सोय नाही. सांगणारा मात्र शोधावा लागला नाही. मार्चअखेरीस टेम्पो दारात उभा असताना “जाऊ दे रे, एवढं चालतं” असं दोनदा तरी मीच म्हणालो होतो.

नापास जॉब टाकायच्या लाल पेटीला आता कुलूप आहे. किल्ली क्वालिटीवाल्याकडे असते, दुसरी करून घेतलेली नाही.