चहाची पत्ती कोण धुतं?

परवा आईकडे गेलो तेव्हा ती द्राक्षं धूत होती, आधी मिठाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात तीनदा, "काय काय मारलेलं असतं रे यांच्यावर" म्हणत, आणि बाजूलाच गॅसवर चहा उकळत होता. मी म्हटलं, आई ही पत्ती कोणी धुतली? तर म्हणे पत्ती कुठे धुतात का, वेडा आहेस.

तेच ना! मळ्यात खुडलेला पाला फॅक्टरीत जातो, तिथे तो सुकवतात, मशिनमध्ये चिरडतात, आंबवतात, गरम हवेत वाळवतात, चाळतात, पोत्यात भरतात. यात धुणं कुठेच नाही, उलट साधारण साडेचार किलो पाल्याची एक किलो पत्ती होते, म्हणजे पाल्यावर फवारलेलं जे असेल, त्यातलं गरम हवेत उडून न गेलेलं आणखी दाट. पत्तीला पहिल्यांदा पाणी लागतं ते थेट आपल्या पातेल्यात, आणि तेच आपण पितो.

2014 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने आपल्याकडच्या पाकीटबंद चहाचे 49 नमुने तपासले होते, त्यातल्या 46 मध्ये कीटकनाशकांचे अंश निघाले, एकूण 34 प्रकारचे. सरकारच्या टी बोर्डाचं म्हणणं होतं की सगळं भारतीय नियमात बसतं. गंमत म्हणजे अर्ध्याहून जास्त नमुने युरोपच्या मर्यादेत मात्र बसत नव्हते. बऱ्याच नमुन्यांत डीडीटी हे जुनं कीटकनाशक होतं, जे शेतीत 1989 पासून बंद आहे, तेव्हा पेपरात सगळा गवगवा त्याचाच झाला.

पण मला विचाराल तर डीडीटीची एवढी भीती नको, कारण ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, बहुतेक सगळं चोथ्यातच राहतं आणि आईच्या गुलाबाच्या कुंडीत जातं. बघायला हवीत ती पाण्यात सहज विरघळणारी फवारणीची औषधं, इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, मोनोक्रोटोफॉस वगैरे, आणि आपण तर चहा नुसता भिजवत नाही, चांगला खळखळ उकळतो.

मग मी हिशोब मांडून बघितला. दिवसाला चार कप, कपाला अडीच ग्रॅम, झाली 10 ग्रॅम पत्ती. समजा किलोमागे 1 मिलिग्रॅम मोनोक्रोटोफॉस आहे आणि सगळंच्या सगळं कपात उतरलं, तरी पोटात जातं 10 मायक्रोग्रॅम. डब्ल्यूएचओ-एफएओच्या (जागतिक आरोग्य आणि अन्न संघटनांच्या) हिशोबाने 60 किलोच्या माणसाला रोज 36 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे चहा पिऊन उद्या कोणी मरत नाही. पण 15 किलोच्या पोराची मर्यादा 9 वरच येते, म्हणजे तेच चार कप त्याला जास्त होतात, आणि आपल्याकडे पोरांना चहा-बिस्किटाची सवय आपणच लावतो. शिवाय भाजी, डाळ, द्राक्षं यातून येतं ते वेगळंच, आणि मर्यादा ठरवतात ती एकेका औषधाची सुटी सुटी, एका कपात पाच-सहा एकत्र आली तर काय याचा हिशोब सहसा कोणी मांडून देत नाही. आमच्या घरी मी तरी पोरांचा चहा बंद केलाय, स्वतःचे चारचे दोन केलेत (एक बशीतला धरून).

आणि हो, व्हॉट्सॲपवर ती ओल्या टिश्यूवर पत्ती टाकून बघायची टेस्ट फिरते ना, ती भेसळीच्या रंगाची आहे, रंग उतरला तर भेसळ. फवारणीचं त्यातून काहीही कळत नाही, ते लॅबमध्येच कळतं.

खरा मार खातो तो फवारणारा. आम्ही मूळचे यवतमाळकडचे, 2017 ला तिकडे कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-मजूर गेले. चहाच्या मळ्यातही ढेकण्या आणि लाल कोळी या किडी मारायला अशीच माणसं पाठीवर पंप घेऊन फिरतात, आणि पाला खुडायला बायका असतात, त्याच झुडपांत कमरेएवढ्या शिरून दिवसभर. त्या साली आमच्या काकाला पण फवारणीनंतर घाम सुटला होता, डोळ्यापुढे धूसर झालं, उलट्या झाल्या, दोन दिवस सलाईनवर होता. काका वाचला. पण काकू अजून सांगते की त्या दुपारी मी चहा घेऊन गेले तर हे शेताच्या धुऱ्यावर बसले, हात शर्टाला पुसले आणि तसाच कप तोंडाला लावला.