तुम्ही विचारलंत म्हणून: रीळ बदलेपर्यंत

"सर, सगळे सिनेमे आता फोनवर दिसतात. मग विद्यापीठात पडदा लावून का दाखवता?" नवी मुलं दर वर्षी विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोवा विद्यापीठ १९८५ चं. मी ताळगावच्या पठारावर शिकायला आलो तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. आम्ही चार-पाच जण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून १६ मिलिमीटरच्या प्रिंट मागवायचो. रात्रीच्या बसने पत्र्याचे डबे यायचे. पहाटे पणजीच्या स्टँडवर ते उतरवून घ्यायचे आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये मांडीवर ठेवून वर आणायचे. तिकीट नव्हतं, वर्गणी होती. फिल्म सोसायट्यांची, म्हणजे सभासदांसाठी सिनेमे दाखवणाऱ्या मंडळांची, ती जुनीच रीत.

१६ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ३६ फूट धावते. १६०० फुटांचं रीळ ४४ मिनिटांत संपतं, आणि आमच्याकडे प्रोजेक्टर एकच. रीळ संपलं की दिवे लावायचे, नवं चढवायचं. गेटच्या, म्हणजे भिंगामागच्या चौकटीच्या, वर-खाली फिल्म थोडी सैल सोडावी लागते, नाहीतर चित्र नाचतं. घाई करून चालत नसे. त्या पाच मिनिटांत माणसं एकमेकांकडे वळायची. मराठीत सुरू झालेलं बोलणं कोंकणीत जायचं, परत यायचं.

एकदा मणी कौल यांचा 'उसकी रोटी' लावला. पंजाबातली बालो बसड्रायव्हर नवऱ्याचं जेवण घेऊन रस्त्याच्या कडेला थांबते. थांबतेच. पहिलं रीळ संपलं तेव्हा बरेच जण उठले. शेवटच्या रांगेत कँटीनमधली बाय बसली होती, काम आटोपून सहज आलेली. कुणीतरी म्हणालं, ह्यात काहीच घडत नाही. ती म्हणाली, "म्हजो घोव बोटीर आसा. हांवूय अशीच रावतां." माझा नवरा बोटीवर आहे, मीही अशीच वाट बघते. तिचा नवरा तारवटी होता, वर्षातले कितीतरी महिने समुद्रावर. दाराकडे निघालेले दोघे परत येऊन बसले. दुसऱ्या रिळात बालोचा चेहरा तोच, कॅमेरा तितकाच स्थिर, पण आता हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं.

संथ सिनेमा गोव्यातल्या माणसाला झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडतो. देवळाच्या उत्सवातलं नाटक पहाटेपर्यंत बघणारी माणसं ही. घरातलं कुणी ना कुणी परदेशी किंवा बोटीवर असलेली. वाट बघणं त्यांना शिकवावं लागत नाही.

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो, नोव्हेंबरात जगभरचं बघायला मिळतं. ते हवंच. पण तिथे एक सिनेमा संपताच लोक दुसऱ्या रांगेकडे पळतात. बोलणं राहून जातं. फोनवर तर बोलायला शेजारी कुणी नसतंच.

आता फाईल सलग चालते, मी ती मध्येच थांबवत नाही. दिग्दर्शकाने जोडलेलं आपण तोडू नये, असं मला मनापासून वाटतं. मात्र शेवटी हॉल लगेच सोडत नाही. चावी माझ्याकडे असते. पहिली काही मिनिटं बहुतेक वेळा सगळे गप्प असतात. मीही गप्प बसतो, आणि मागच्या रांगेतून कुणी बोलतंय का ते ऐकत राहतो.