समुद्र मोजणाऱ्यांचे मोनो

माझं दुकान नागपूरच्या गांधीबागेत, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची दोन मशीनं आहेत. मे-जून म्हणजे शाळांचे दिवस. खिशावर लागणाऱ्या बिल्ल्याला आमच्या धंद्यात मोनो म्हणतात, आणि त्या दोन महिन्यांत हजारोंनी मोनो निघतात. नेव्हीवाले त्यालाच पॅच म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरते, चालवून घ्या.

२०१९ च्या पावसाळ्यात मानेवाडा रोडकडचे एक काका दुकानात आले. नेव्हीतून रिटायर झालेले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी रुमालात गुंडाळलेला एक गोल पॅच काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ताई, हे असंच दुसरं बनून जाईन का? हे आता जास्त दिवस टिकत नाही वाटते."

साडेतीन इंची पॅच. खाली गडद निळं ट्विल, मधे पांढरं जहाज, त्याचं धुराडं पिवळं, भोवती जाड ओव्हरलॉकची कड. वरच्या कमानीत इंग्रजीत जहाजाचं नाव, संधायक. जहाजाचं अधिकृत चिन्ह वेगळं असतं. हा पॅच त्यांनी आणि सोबतच्या चार-पाच जणांनी विशाखापट्टणमच्या बाजारातल्या एका कारागिराकडून हौसेनं करून घेतलेला, साल १९८३.

मी सवयीप्रमाणे पॅच आधी उलटा केला. भरतकाम करणारा कोणीही माणूस हेच करेल. समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, काम कसं झालं ते मागच्या बाजूला कळतं. मागे बॉबिनचा पांढरा दोरा, एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेलेले न कापलेले धागे, कडेला फाटलेलं बक्रम, म्हणजे मागचं कडक अस्तर. आणि धुराड्याचा पिवळा! समोरून तो उन्हानं आणि खाऱ्या हवेनं पार उडून सायीसारखा झाला होता, मागे मात्र झेंडूसारखा लख्ख. रंग जुळवायचा तर नेहमी मागून जुळवावा.

नावात 'ए' हे अक्षर तीनदा येतं. पहिला ऐसपैस, दुसरा जरा अंग चोरून. तिसऱ्यापर्यंत येता येता कारागिराला कळलं असणार की जागा संपत आली, म्हणून तो काडीसारखा, आणि त्यानंतरचा 'के' तर कडेला टेकलेला. हे झिगझॅग मशीनवर हातानं फ्रेम फिरवून केलेलं काम. आधी छापा नाही, आराखडा नाही. मी वीस वर्षं हे काम करते, पण त्या तीन अक्षरांवरून माझी नजर हलेना.

काका सर्व्हे रेकॉर्डर होते. म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुपारची वेळ होती, लाइट गेलेली, मशीनं बंद. त्यांनी सांगितलं.

"दर्यात लाईनी मारत होतो आम्ही. सरळ जायचं, वळायचं, बाजूची लाईन धरायची. दिवसभर तेच. शेतात तास धरतात नं, तसं."

लढाई नाही, तोफा नाहीत. बोट ठरलेल्या रेषेवरून चालते, खालून आवाज सोडते, तळाला आपटून आवाज परत येतो, लागलेल्या वेळावरून खोली निघते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. दोन सेकंदांनी परत आला तर खाली दीड किलोमीटर पाणी. पण पाणी गरम की थंड, खारट किती, यावर हा वेग बदलतो, म्हणून तेही मोजत राहायचं. मोसम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंदरावर बसून जमवलेल्या आकड्यांचं काम. त्यातून पुढे नकाशा होतो, आणि त्या नकाशावर विसंबून दुसरी जहाजं बंदरात शिरतात.

ऐकता ऐकता मी समोरच्या बंद मशीनकडे पाहत होते. भरणीचा टाका असाच चालतो. एक रेघ, वळण, तिला लागून दुसरी रेघ. दोन रेघांत फट राहिली तर खालचं कापड दिसतं. त्यांच्या कामात फट राहिली तर त्या फटीत खडक असू शकतो. हे मी काकांना बोलून दाखवलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरोबर बोलले तुम्ही."

नक्कल करायला मला चार दिवस लागले. डिझाइन पंच करताना, म्हणजे मशीनसाठी टाके आखताना, सॉफ्टवेअर अक्षरं आपोआप सारखी करून देतं. मी ते बंद केलं आणि तिन्ही 'ए' जसे होते तसे वेगवेगळे काढले. अठरा हजारांच्या आसपास टाके झाले. पिवळा दोरा व्हिस्कोसचाच घेतला, पॉलिस्टरची चकाकी वेगळी दिसते. मागच्या बाजूला, बक्रमवर, बारीक अक्षरांत "नक्कल २०१९" असं शिवलं. उद्या कोणी तो जुना म्हणून विकायला नको. काकांनी नवा पॅच घेतला आणि जुना माझ्याच हातात दिला. "घरी कोणी फेकून देईन. तुमच्याकडे राहू द्या."

त्या दिवसापासून मी हे पॅच जमवते. फक्त सर्व्हे जहाजांचे आणि नौदलांच्या समुद्रविज्ञान विभागांचे. युद्धनौका आणि पाणबुड्यांचे पॅच मी घेत नाही, ते जमवणारे पुष्कळ आहेत. आज माझ्याकडे एकसष्ट आहेत.

आपल्या जहाजांची नावं मला सगळ्यात जास्त आवडतात. दर्शक, सर्वेक्षक, निर्देशक, निरूपक, इक्षक. नेव्हीच्या कामाची नावं, पण आपल्या कानाला किती ओळखीची! निरूपण म्हटलं की मला आजोळच्या देवळातलं कीर्तन आठवतं: एक ओवी घ्यायची आणि तिच्या पोटात काय आहे ते लोकांना उलगडून दाखवायचं. समुद्राच्या पोटातलं उलगडून दाखवणाऱ्या जहाजाला निरूपक हे नाव ज्यानं दिलं, त्याला भाषा कळत होती. याच निरूपकवर २००४ च्या त्सुनामीनंतर दवाखाना उभारला आणि ते इंडोनेशियाला मदतीला गेलं. आणि कोचीच्या संशोधन जहाजाचं नाव तर सागरध्वनी. समुद्रात आवाज कसा जातो, हाच त्याच्या अभ्यासाचा विषय. त्याचा पॅच मला अजून मिळालेला नाही.

त्याच त्सुनामीशी जोडलेला दुसरा पॅच ब्रिटिश नौदलाच्या एचएमएस स्कॉटचा आहे. ज्या भूकंपानं ती लाट उठली, त्याच्या जागी सुमात्राजवळ समुद्रतळाचं काय झालं, ते या जहाजानं २००५ च्या सुरुवातीला जाऊन मोजलं. पॅच साधाच आहे, पण मी तो निरूपकच्या शेजारी ठेवलाय.

अमेरिकन नौदलाचं समुद्रविज्ञान कार्यालय मिसिसिपी राज्यात आहे. त्यांच्या सर्व्हे जहाजांना बहुतेक माणसांची नावं आहेत: बोडिच, हीझन, मेरी सिअर्स. यातल्या एका जहाजाचं नाव मॉरी होतं. २०२३ मध्ये ते बदलून मरी थार्प केलं. मॉरी समुद्रविज्ञानातला मोठा माणूस, पण अमेरिकेच्या यादवीत गुलामगिरी राखणाऱ्या बाजूनं उभा राहिलेला, म्हणून नाव बदललं.

मरी थार्पबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. तिच्या काळात बायकांना संशोधन जहाजावर चढू देत नसत. ब्रूस हीझन आणि इतर पुरुष जहाजावरून खोलीचे आकडे आणायचे, आणि ही न्यूयॉर्कमध्ये टेबलाशी बसून त्या आकड्यांवरून तळाचा आकार काढायची. एकेक रेघ. असं काढता काढता १९५० च्या दशकात तिला दिसलं की अटलांटिकच्या मधोमध जी डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावरून लांबच लांब दरी गेलेली आहे. जमीन तिथे दुभंगते आहे. हीझननं आधी ते बायकांची बडबड म्हणून उडवून लावलं. पुढे तिचंच खरं ठरलं, आणि खंड सरकतात हे लोकांना पटण्यात त्या नकाशांचा मोठा वाटा होता. ती स्वतः सर्व्हेच्या सफरीवर गेली ती १९६८ मध्ये, केन नावाच्या नौदलाच्या जहाजावरून.

मी समुद्र आयुष्यात तीनदा पाहिला आहे. दोनदा मुंबईला, एकदा पुरीला. नागपुरात बसून जहाजांचे पॅच कशाला जमवता, असं लोक विचारतात तेव्हा मला थार्पबाईंचं ते टेबल आठवतं. माझ्या ड्रॉवरमध्ये मॉरीचा पॅच आहे. त्याच्या शेजारी एक चौकट मी रिकामी ठेवली आहे.

आणि नागपूर समुद्रापासून तुटलेलं आहे असं मला वाटतच नाही. आमच्या शहरातला झिरो माइलचा खांब पाहा. तो देशाचा मध्य असं लोक म्हणतात ते जाऊ द्या, मला तिथला आकडा महत्त्वाचा वाटतो: समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! ही समुद्रसपाटी कुठून आली? किनाऱ्यावरच्या नऊ बंदरांत वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजली, तिची सरासरी काढली आणि तिथून एकेक टप्पा करत उंची मोजत माणसं आत आली. आपल्या शहराची उंची समुद्रावर उभी आहे. दुकानात जाताना मी मुद्दाम कधीकधी त्या बाजूनं जाते.

आता जमवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, दोन्ही मला महाग पडलेल्या.

पहिली, ठेवायची. मी सुरुवातीला पॅच पारदर्शक पीव्हीसीच्या पानांच्या अल्बममध्ये लावले होते. वरच्या मजल्यावरची खोली, मे महिना, बाहेर ४५ अंश. जूनमध्ये अल्बम उघडला तर पानं चिकट झालेली. ज्या पॅचना मागून इस्त्रीनं चिकटवायचा गोंद होता, ते पानांना धरून बसले होते. सात पॅच गेले. ओढून काढताना एकाची कडच हातात आली, त्या रात्री मला झोप लागली नाही. आता खालच्या मजल्यावर लाकडी ड्रॉवर आहेत. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीवर प्रत्येक पॅच सुटा ठेवते. डांबरगोळी बाजूला, पुरचुंडीत, पॅचला लागू देत नाही.

दुसरी, ओळखायची. एका विक्रेत्याकडून मी ऑनलाइन एक परदेशी सर्व्हे जहाजाचा "१९६० च्या दशकातला" पॅच घेतला, चार हजार रुपये देऊन. हातात आल्यावर उलटा केला आणि पोटात गोळा आला. मागे दोरा एकसारखा, ताण एकसारखा, अक्षरांखालची पायाभरणी, म्हणजे आधी घातलेले आधाराचे टाके, आजच्या सॉफ्टवेअरची. आमच्या दुकानात जी रोज निघते, तीच. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरला तर पांढरा दोरा निळसर चमकला. दिव्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण अस्सल जुना पॅचही साबणाच्या पावडरीनं धुतला असेल तर चमकतो. म्हणून मागून पाव इंच दोरा काढून जाळून पाहिला. व्हिस्कोस असता तर कागदासारखा वास येऊन राख झाली असती. हा आकसला आणि त्याचा टणक मणी झाला. पॉलिस्टर. पैसे परत मिळाले नाहीत. तो पॅच मी वेगळ्या डब्यात ठेवलाय, कोणी शिकायला आलं की दाखवते.

आणि एक विनंती. घरात कोणी नेव्हीत होतं आणि पॅच निघाला, तर तो साफ करायला जाऊ नका. कडेनं सुईची भोकं दिसत असतील तर उत्तमच. तो टोपीवर किंवा डांगरीवर खरोखर लागलेला होता, हे त्यावरून कळतं. सोबत एक चिठ्ठी लिहा: कोणाचा, कुठलं जहाज, कुठलं साल. चिठ्ठी नसलेले माझ्याकडे नऊ पॅच आहेत. त्यातल्या एकावर नुसतं होकायंत्र आणि कर्कटक भरलेलं आहे, नाव नाही, देश नाही. टाका इतका सुबक की करणारा डोळ्यांसमोर येतो, पण तो कोणासाठी करत होता ते आता कधीच कळणार नाही.

काकांचं संधायक ४ जून २०२१ ला, चाळीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालं. त्या दिवशी त्यांचा फोन आला. कोरोनाचे दिवस, दुकान बंद. "आज झेंडा उतरला ताई," एवढंच म्हणाले. मग ३ फेब्रुवारी २०२४ ला त्याच नावाचं नवं जहाज विशाखापट्टणमलाच नौदलात आलं, कोलकात्यात बांधलेलं, आधीच्यापेक्षा बरंच मोठं.

नव्या जहाजाचं नाव भरलेला पॅच मागच्या दिवाळीत एका ओळखीच्या मुलानं आणून दिला. मी काकांना बोलावलं. जुना आणि नवा, दोन्ही मलमलीवर शेजारी ठेवले. नव्याची अक्षरं मशीनची, तिन्ही 'ए' तंतोतंत एकसारखे. काकांनी चष्मा पुसला, नवा पॅच उचलला आणि नाव वाचण्याआधी तो उलटा केला.