पिस्तूल बघायला गेलो, पंजा मोजून आलो

आज बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर अर्धा दिवस गेला. डोक्यात पॉइंट टू टूचं (०.२२ इंची गोळीचं) पिस्तूल होतं. २०१८ला जकार्ता एशियाडमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं, तेव्हापासूनची हौस. पण त्याला शस्त्रपरवाना लागतो. सरांनी हातात ४.५ मिमीचं एअर पिस्तूल दिलं. "आधी हे धर, मग बोल."

वजन जेमतेम किलोभर. पण एकाच हाताने, हात ताठ! तिसऱ्या छर्‍याला खांदा थरथरायला लागला. दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी, म्हणजे शर्टाचं बटण. माझे छर्रे सहा-सातच्या घरात हिंडत होते. (एक कागदालाच लागला नाही, हे घरी सांगितलेलं नाही.)

मी विचारतोय कुठल्या कंपनीचं घेऊ, स्टायर की मोरिनी, आणि सर माझा पंजा न्याहाळतायत. लाकडी मूठ मोठी पडली तर पकड दरवेळी बदलते, मग महागडी नळी काय कामाची? मीडियम मूठ चपखल बसली. ट्रिगर ५०० ग्रॅमच्या दाबाचा, कधी सुटला कळतच नाही.

घरी किंमत सांगितली. बायको म्हणाली, "दिवाळीतली टिकल्यांची बंदूक माळ्यावर आहे, काढून देऊ?"