तुम्ही विचारलंत म्हणून : डीपी दर उन्हाळ्यात का जळते?

रावेर-यावलच्या केळीत असो की शिरपूर-चोपड्याच्या कापसात, विजेचं काम जाणणारा माणूस दिसला की बांधावर प्रश्न हाच येतो : ‘63ची डीपी, मोटारी दहाच, मग दर मे महिन्यात जळते कशी? माल हलका देतात का?’ डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, आणि 63 ही तिची केव्हीएमधली क्षमता. माल हलका निघतोही कधी कधी. पण बहुतेक ठिकाणी डीपीचा जीव घेते ती स्टार्टरच्या पेटीत बसवलेली ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारी तीच, एवढीशी.

हिशेब असा आहे. 5 एचपीची मोटार चालू असताना साधारण साडेसात अँपिअर घेते. 63 केव्हीएची डीपी आपल्या बाजूला 84 अँपिअर देऊ शकते. दहा मोटारींचे झाले 75, म्हणजे कागदावर बसतं. पण मोटार जागेवरून उचलताना पाच ते सात पट करंट ओढते. एकेक उचलली तर डीपीला ते कळतही नाही. रात्री बाराला लाईट आली आणि दहाही ऑटो एकदम पडल्या, म्हणजे दहाही मोटारी एकदम उचलल्या, तर मागणी जाते 400 अँपिअरच्या वर. व्होल्टेज कोसळतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून व्होल्टेज 70 टक्क्यांवर आलं की जोर उरतो निम्मा. मग मोटार लवकर वेग घेत नाही, नुसती घुमत राहते, आणि दोन-तीन सेकंदांत उतरायचा करंट तसाच वर राहतो. फ्यूज उडायला हवा तो इथेच. तो उडत नाही, कारण किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनी मातीच्या खोबणीत, फ्यूजतारेऐवजी जाड ॲल्युमिनियमची तार आवळलेली असते. जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा स्टार्टरचा रिलेही ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलेला.

उरलेलं काम ऊन करतं. डीपीच्या आत तेलात बुडालेला कागद असतो. वाइंडिंगची उष्णता ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की पुढच्या दर सहा अंशांना त्या कागदाचं आयुष्य निम्मं होत जातं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45च्या आसपास असतो. टाकी लोड येण्याआधीच तापलेली, तेल कमी झालेलं. ब्रीदरमधली, म्हणजे टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली, निळी सिलिका गुलाबी पडली असेल तर ओल आत शिरली समजा. एवढं बघायला झाकण उघडावं लागत नाही, कुंपणाबाहेरून दिसतं. दिसलं की वायरमनला सांगा, स्वतः हात घालू नका.

मग ऑटो काढून टाका, असं सांगणं सोपं आहे. सांगणारा सहसा रात्री घरी झोपलेला असतो. शेतीला लाईट मिळते आठेक तास, पाळीपाळीने कधी दिवसा कधी रात्री. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा चाळीसगावकडे रात्री दीडला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं म्हणजे साप, रानडुक्कर, बिबट्या, सगळ्यांची वाट ओलांडून जायचं. ऑटो आळसातून आलेली नाही, ती वेळापत्रकाने आणली. आणि हे वेळापत्रक कुणी आकसाने केलं असंही नाही. दीपनगरसारखं औष्णिक केंद्र रात्री मागणी घटली म्हणून चूल विझवावी तसं बंद करता येत नाही. त्या उरलेल्या विजेला गिऱ्हाईक हवं होतं. मोटार कुठल्याही वेळी चालते, तिला काय, असं गृहीत धरून शेती रात्रीत ढकलली गेली. मोटारीला चालतं खरं. माणसाला चालत नाही.

हा कुलूप-किल्लीचा खेळ जुनाच आहे. भारनियमनाच्या दिवसांत गावाला दिवे मिळावेत आणि मोटारी बंद राहाव्यात म्हणून सिंगल फेज, म्हणजे दिव्यांना पुरणारी पण तीन फेजच्या मोटारीला न पुरणारी वीज, चालवलं गेलं. लगेच बाजारात कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार ओढणारे डबे आले. त्याने वाइंडिंग जळायचं, लाईनचा समतोल जायचा, पण पीक वाचायचं. त्यावर उपाय म्हणून गावठाणाचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाईन, शेतीपासून वेगळा केला गेला.

दुसरी गाठ एचपीची आहे. बिल मीटरवर नाही, एचपीवर, मग नोंद कमीच राहते. विहिरीचं पाणी खाली गेलं, बोअर झाला, 5ची मोटार काढून साडेसातची सोडली, नोंद मात्र 5चीच. साडेसातची मोटार 11 अँपिअर घेते. दहा मोटारी, 110 अँपिअर, डीपी 84ची. ती डीपी कागदावरचा लोड बघून बसवलेली आहे, कागद खोटा असला तर तिने काय करावं? 2024पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ झालं, त्यामुळे आता हा आकडा ओलांडल्याची नोंद तर कुणी आपणहून करणारच नाही.

मोटारीला जोडून लाईनवरचा ताण कमी करणाऱ्या कपॅसिटरचंही तसंच. 3 एचपीला 1 केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), 5ला 2, साडेसातला 3, हे ठोकताळे प्रत्येक वायरमनला पाठ आहेत. बसवला तर लाईनवरचा करंट उतरतो, व्होल्टेज सुधारतं. पण एकट्याने बसवून त्याच्या मोटारीला फारसं काही मिळत नाही, फायदा डीपीवरच्या सगळ्यांत वाटला जातो. खर्च एकाचा. म्हणून स्टार्टरशेजारचा कपॅसिटर एकदा फुगला की वायर तोडून तसाच लटकत राहतो.

तेव्हा ऑटो ठेवा, पण तिच्या जोडीला टायमर बसवा. सगळ्यात लांबची आणि मोठी मोटार आधी उचलावी, कारण लाईन तेव्हा मोकळी असते. पुढच्या दोन-दोन मिनिटांच्या अंतराने. उचलायला काही सेकंदच लागतात, पण स्वस्त टायमर घड्याळासारखे चालत नाहीत, म्हणून अंतर सैल ठेवायचं. दहाव्याची मोटार 18 मिनिटं उशिरा लागेल, आणि भांडण इथेच होईल. क्रम दर महिन्याला उलटा फिरवा. पांझरेकाठी फड पद्धतीत पाण्याची पाळी अशीच पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. बंधारा सगळ्यांचा आणि पाणी सोडणारा पाटकरीही सगळ्यांनी मिळून नेमलेला, त्यामुळे आपल्या हाताने कुणी पाट फोडत नसे. डीपीला असा पाटकरी नाही, प्रत्येक पेटीला ज्याचं त्याचं कुलूप. टायमर बसवायला एक दिवस लागतो. सगळी कुलपं एका दिवशी उघडून घ्यायला कधी अख्खा हंगाम जातो.

‘आता सौर फीडर येतोय, दिवसा लाईट मिळेल, मग कशाला?’ हा पुढचा प्रश्न. दिवसा ऊन वीज देतं, म्हणून शेतीला पुन्हा दिवस मिळू लागलाय, हे खरं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहेच. पण फीडर सकाळी नऊला चालू झाला तरी दहा ऑटो एकदमच पडतील. फक्त साप दिसेल.

100ची डीपी मागायला जाण्याआधी एक करा. सगळ्या मोटारी चालू असताना वायरमनला बरोबर घेऊन टाँग टेस्टरने, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा अडकवायच्या मीटरने, तिन्ही फेजचा करंट मोजून घ्या. तिन्ही आकडे 84च्या आत असतील आणि तरीही डीपी जळत असेल, तर डीपी नको, टायमर घ्या. एकच फेज फार वर असेल तर मोटारींची नव्हे, कुणाच्या तरी सिंगल फेज जोडणीची चौकशी करा. आणि तिन्ही 110 दाखवत असतील, तर अर्जावर खरा एचपी लिहा, नाहीतर येणारी डीपीही 63चीच असेल.