बाबांच्या स्टॉर्मला आज हूक बसला

सकाळी सातलाच तुर्भ्याच्या एमआयडीसीत पोहोचलो. बाबांची सॅन स्टॉर्म गाडी. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरची बॉडी. तिच्यामागे बाबांचीच छोटी होडी ट्रॉलीवर ओढायची, हे दोन वर्षांपासून डोक्यात होतं.

नुसत्या फायबरला हूक लावून चालत नाही, पहिल्याच झटक्याला तडा जाईल. ताण चासीवरच, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरच गेला पाहिजे. म्हणून चासीच्या मागच्या दोन्ही रेलना, म्हणजे लांब दांड्यांना, 3 मिमीच्या पट्ट्या आणि मधे आडवा बॉक्स पाइप. पट्ट्या मी घरी चौकोनी कापल्या होत्या. वेल्डर काकांनी हातात घेऊन खडूने टोकं तिरकी आखली. "सरळ आडवं वेल्डिंग मारलं ना, की पाइप तिथूनच तुटतो."

बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवली, फायबरवर ओली गोणपाटं टाकली. आणि डाव्या रेलवर ग्राइंडर फिरताच रंगाखालून गंज निघाला, पापुद्रेच्या पापुद्रे. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. पोटात गोळा आला. मागचा अख्खा पावसाळा ती मीच उघड्यावर ठेवली होती. चांगला पत्रा लागेपर्यंत काका कापत गेले, दुपारचं जेवण राहिलंच.

संध्याकाळी आवारातच ट्रॉली जोडली. ओढते छान, पण ब्रेक दाबला की मागचं वजन ढकलतं. वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा म्हणून होडी वीतभर पुढे सरकवली.

आरटीओची मंजुरी मिळेपर्यंत गाडी गेटबाहेर जाणार नाही. गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, आणि मागून येणाऱ्याचा जीवही.

बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं: "टायरची हवा बघ."